जुना ट्रान्समीटर: पडदा उजळतो, सर्व्हो ऐकत नाहीत

कागदीविमान

मंडळी, नमस्कार. बरीच वर्षं वाचनमात्र होतो, पहिलाच धागा काढतोय. सांभाळून घ्या.

रेडिओवर उडवायच्या मॉडेल विमानांसाठीचा एक जुना ट्रान्समीटर (हातातला रिमोट) सेकंडहँड मिळालाय. सात चॅनेलचा (सात वेगवेगळ्या हालचालींचा), कॉम्प्युटर पद्धतीचा, म्हणजे मॉडेल मेमरी आणि छोटा पडदा असलेला. ७२ मेगाहर्ट्झचा, मागून निघणारं मॉड्यूल, लांब दांडीचा अँटेना. सोबत विमानात बसणारा रिसीव्हर आणि चार सर्व्हो (विमानाचे भाग हलवणाऱ्या छोट्या मोटरी). ७२ला मी राहतो तिथे विमानांसाठी परवानगी आहे, ते आधीच बघून घेतलंय. मॅन्युअल मिळालेलं नाही.

आता रडगाणं. चालू केल्यावर पडदा ९.९ व्होल्ट दाखवतो, जरा वेळाने ८.६ वर येतो आणि टीं टीं सुरू. रिसीव्हरला वीज दिली की सर्व्हो नुसते थरथरतात, स्टिक कुठेही न्या, त्यांना पत्ताच नाही. तिसरं म्हणजे पडद्यावर सर्व्होच्या पट्ट्या दिसतात त्यात एलेव्हेटरची (नाक वर-खाली करणाऱ्या शेपटीच्या फळीची) पट्टी स्टिक मागे ओढताना मध्येच उडी मारते.

विकणारा म्हणाला, ठेवला तेव्हा चालू होता. सुरुवात कुठून करू?

बाल्साची_भुकटी

धागा छान. "ठेवला तेव्हा चालू होता" हे सेकंडहँड बाजाराचं राष्ट्रगीत आहे, त्यात कधी ठेवला हे कोणी सांगत नाही.

पहिली गोष्ट, हे सगळं टेबलावर चाललंय ना? विमानात बसवलं असेल तर प्रोपेलर काढून ठेवा. इलेक्ट्रिक मोटर असेल तर काढाच, "थ्रॉटल खाली आहे" यावर भरवसा ठेवू नका. थरथरणाऱ्या सिग्नलवर स्पीड कंट्रोलर काय अर्थ लावेल, त्याचा नेम नाही.

दुसरी, रिसीव्हरच्या लेबलवर काय लिहिलंय ते जसंच्या तसं टाका. ट्रान्समीटर आणि रिसीव्हर एकाच कंपनीचे आहेत का? रिसीव्हरच्या क्रिस्टलवरचा (वारंवारिता ठरवणारा छोटा सुटा तुकडा) चॅनेल नंबर, म्हणजे वारंवारितेचा क्रमांक, आणि मॉड्यूलवरचा नंबर एकच आहे का? हे कळल्याशिवाय मी तर काही बोलणार नाही बाई.

शून्यट्रिम

माझं मत कडू लागेल, पण सांगतो. हा सेट शोकेसमध्ये ठेवा आणि २.४ गिगाहर्ट्झचा नवा घ्या. नव्या सेटमध्ये चॅनेलची भानगड नाही, दांडी नाही, क्रिस्टल नाही. जुन्यामागे वेळ घालवून शेवटी विमान जमिनीत घुसणार असेल तर काय उपयोग?

कागदीविमान

@बाल्साची_भुकटी ताई, टेबलावरच आहे, विमान अजून बांधायचंय. रिसीव्हर आणि ट्रान्समीटर एकाच कंपनीचे. रिसीव्हरवर "एफएम, ७२ मेगाहर्ट्झ" आणि बारीक अक्षरात "ड्युअल कन्व्हर्जन". दोन्हीकडे चॅनेल ३६.

@शून्यट्रिम, नवा कधीतरी घेईनच. पण याचे गिंबल (स्टिकचे फिरते सांधे) हाताला इतके छान लागतात की सोडवत नाही.

जुनारेडिओवाला

शून्यट्रिमभाऊंचा सल्ला चुकीचा नाही, पण धागाकर्त्याने विचारलंय ते वेगळं. नवा घ्यायचा की नाही हे दोष सापडल्यावर ठरवू.

कागदीविमान, तुमच्याकडे तीन तक्रारी आहेत आणि मला तरी तिन्ही एकमेकींपासून वेगळ्या वाटतात. जुन्या सेटमध्ये हाच घोळ होतो. माणूस एकच रोग शोधत बसतो आणि पेटीत तीन असतात. म्हणून आधी पेटीचे तुकडे पाडा. पहिला तुकडा स्टिकपासून एन्कोडरपर्यंत (स्टिकच्या जागांचा सिग्नल बनवणारा भाग): पॉट (स्टिकची जागा मोजणारा फिरता रोध), वायरी, मदरबोर्ड. दुसरा मॉड्यूल आणि अँटेना, म्हणजे हवेत जाणारा भाग. तिसरा विमानाकडचा: रिसीव्हर, त्याची बॅटरी, सर्व्हो. वीजपुरवठा तिघांच्याही मुळाशी, त्यामुळे तो सगळ्यांत आधी.

पहिल्या आणि दुसऱ्या तुकड्याच्या मधोमध एक दार आहे, ट्रेनर पोर्ट. शिकणाऱ्याचा सेट आणि शिकवणाऱ्याचा सेट वायरने जोडायचं ते भोक. त्यातून जे बाहेर पडतं तेच मॉड्यूलकडेही जातं: पीपीएम सिग्नल. साधारण २२.५ मिलिसेकंदांची एक फेरी, त्यात प्रत्येक चॅनेलची वेळ १ ते २ मिलिसेकंदांच्या दरम्यान, स्टिक मध्यावर असेल तर १.५ च्या आसपास, आणि सगळे चॅनेल संपले की पुढच्या फेरीपर्यंत लांब शांतता. या शांततेवरूनच रिसीव्हरला कळतं की आता पहिल्या चॅनेलपासून मोजायचं.

तुम्ही एवढंच करा. मॉड्यूल मागून काढून ठेवा. तुमच्यासारखे बरेच सेट मॉड्यूलशिवायही चालू होतात, आणि मग हवेत काहीच जात नाही, त्यामुळे निवांत तपासता येतं. ट्रेनर पोर्टला सिम्युलेटरचा यूएसबी डोंगल लावा आणि कॉम्प्युटरवर चॅनेलच्या पट्ट्या बघा. डोंगल नसेल तर साउंड कार्डच्या लाइन इनपुटमध्ये सिग्नल घ्या, मात्र थेट नाही. १० किलोओहम आणि १ किलोओहमचे दोन रेझिस्टर लावून व्होल्टेज उतरवा, नाहीतर कार्ड जायचं. रेकॉर्ड करून ताणून बघितलं की खांब दिसतात. स्टिक हलवली की त्या चॅनेलच्या दोन खांबांमधलं अंतर बदलतं. स्पीकरवर ऐकलंत तर जाड घूंऽऽ असा आवाज येईल, ४४ हर्ट्झच्या आसपासचा, आणि स्टिकबरोबर त्याचा पोत बदलेल.

तिथे सगळं ठीक दिसलं तर मदरबोर्ड धडधाकट आहे, पुढचा शोध मॉड्यूलकडे आणि रिसीव्हरकडे. तिथेच बिघडलेलं दिसलं तर अँटेना, क्रिस्टल, रिसीव्हर यांच्याकडे ढुंकूनही बघू नका.

सोल्डरधूर

काका आले म्हणजे धागा मार्गी लागला. वीजपुरवठ्याचं मी घेतो.

तुमचा पॅक बहुधा आठ सेलचा, ९.६ व्होल्टचा असणार. निकेल-कॅडमियम किंवा निकेल-मेटल-हायड्राइड, दर सेलला १.२ व्होल्ट. नुसतं मीटर लावून या पॅकची परीक्षा होत नाही. मेलेला पॅकही भार नसताना ऐटीत व्होल्टेज दाखवतो. मॉड्यूलसकट असा सेट साधारण २०० मिलिअँपिअर ओढतो, तेवढा भार बाहेरून द्या: ४७ ओहमचा, ५ वॅटचा रेझिस्टर पॅकच्या टोकांना लावा आणि मीटरवर डोळा ठेवा. ५ वॅटचा सांगतोय कारण त्यात २ वॅटच्या आसपास उष्णता निघते, पाव वॅटवाला धूर काढेल. (आयडी उगाच घेतलेला नाही.)

चांगला पॅक ९.६ च्या वर बराच वेळ रेंगाळतो. ८.८ च्या खाली गेला म्हणजे दर सेलला १.१, तिथे उडवणं थांबवायचं. व्होल्टेज हळूहळू उतरण्याऐवजी एकदम १.२ ने कोसळलं तर एक सेल गेला असं समजा. तुमचं ९.९ वरून ८.६ बघून मला तोच संशय येतोय.

आणि पॅकची काळी वायर तपासाच. जुन्या निकेल-कॅडमियम सेलमधून पोटॅशियम हायड्रॉक्साइड झिरपतं आणि ऋण बाजूच्या वायरीतून आतल्या आत सरकत जातं. वरचं प्लास्टिक नवंकोरं दिसतं, आत तांबं काळंठिक्कर. टोकाचं प्लास्टिक थोडं सोलून बघा. काळ्या तांब्यावर सोल्डर धरत नाही, रोध वाढतो आणि भार आला की व्होल्टेज बसतं. अशी वायर घासून वापरायची नाही, स्विचपर्यंत अख्खी बदलायची. बोर्डावर पांढरी-हिरवट भुकटी दिसली तर ती अल्कलीची आहे, कापसाच्या काडीने थोडं व्हिनेगर लावा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. हातमोजे घाला, डोळ्यांना हात लावू नका.

बाल्साची_भुकटी

सोल्डरधूरना अनुमोदन. त्यात माझी एक भर. चार्जिंगच्या भोकावर ध्रुव कोणता हे सगळ्या कंपन्यांत सारखं नसतं. कुठे मधली पिन धन, कुठे ऋण. दुसऱ्या सेटचा चार्जर "बसतोय ना" म्हणून खुपसू नका, आधी मीटर लावा. शिवाय काही सेटमध्ये त्या वाटेवर डायोड असतो, त्यामुळे स्मार्ट चार्जरला पॅक नीट दिसत नाही आणि तो "बॅटरी नाही" म्हणून हात वर करतो. पॅक बाहेर काढून चार्ज करणं उत्तम.

नवशिका_वैमानिक

धाग्यात घुसखोरी करतोय, माफी असावी. माझी केस उलटी. मी सेकंडहँड सेट घेतला तो बऱ्यापैकी नवा, २.४चा, एजटीएक्स फर्मवेअरवाला. आधीच्या मालकाचे रिसीव्हर त्याच्याबरोबर चालतात. मी वेगळा घेतलेला रिसीव्हर काही केल्या बाइंड होत नाही, म्हणजे सेटशी जोडला जात नाही. मॉड्यूल गेलं असेल का?

शून्यट्रिम

जुने रिसीव्हर चालतात म्हणजे मॉड्यूल ठणठणीत आहे. भाषा जुळत नाहीये एवढंच. रिसीव्हर कोणत्या प्रोटोकॉलचा?

एक्सप्रेसएलआरएस असेल तर दोन्हीकडच्या फर्मवेअरची मुख्य आवृत्ती एक हवी, २ आणि ३ यांचं जमत नाही. शिवाय आधीच्या मालकाने बाइंडिंग फ्रेज (जोडणीचा परवलीचा शब्द) घालून ठेवली असेल, तर सेटमध्ये स्वतःची घाला आणि सगळे रिसीव्हर त्यावर आणा. दुसऱ्याची फ्रेज वापरत राहणं बरं नाही. त्याच मैदानावर तो आला तर?

फ्रस्कायचा डी१६ असेल तर दोन गोष्टी. एक, अमेरिकी एफसीसी आणि युरोपचं एलबीटी असे दोन प्रकार आहेत, ट्रान्समीटर आणि रिसीव्हर एकाच प्रकारचे लागतात. दोन, एसीसीएसटीची १ आणि २ ही फर्मवेअर एकमेकांशी बोलत नाहीत. फ्लायस्काय असेल तर एएफएचडीएस आणि एएफएचडीएस २ए ही नावं सारखी असली तरी पद्धती वेगळ्या.

आणि काहीही करण्याआधी एसडी कार्डाची अख्खी प्रत कॉम्प्युटरवर ठेवा. मग नवं मॉडेल कोऱ्या पाटीवर करा, स्टिकचं कॅलिब्रेशन करा, फेलसेफ (सिग्नल गेला की सर्व्हो कुठे जावेत ती सोय) स्वतः लावा. आधीच्या मालकाच्या मॉडेलमध्ये कुठल्या स्विचला काय मिक्स बांधलंय ते शोधण्यात आयुष्य जाईल.

नवशिका_वैमानिक

डी१६च आहे, आणि रिसीव्हरच्या खोक्यावर एलबीटी छापलंय! सेट एफसीसीवर. धन्यवाद, पुढचं वेगळ्या धाग्यात विचारतो.

कागदीविमान

पॅक उघडला. सोल्डरधूर, दंडवत घ्या. भार लावल्यावर एक सेल शून्यावर, बाकी सात ठीकठाक. आणि काळी वायर सोलली तर आत खरंच काळी! कनेक्टरपासून पॉवर स्विचपर्यंत. बोर्डावर मात्र स्वच्छ आहे.

नवीन आठ सेल घेतो. कुठले घेऊ? आणि सेटबरोबर आलेला भिंतीवरचा चार्जर चालेल का? त्यावर ५० मिलिअँपिअर लिहिलंय.

सोल्डरधूर

ठेवल्या ठेवल्या फार न उतरणारे निकेल-मेटल-हायड्राइड घ्या. सान्योने २००५ मध्ये एनेलूप बाजारात आणले, त्या जातीचे. पत्रे स्पॉट वेल्ड केलेला तयार पॅक मिळाला तर सर्वांत चांगलं. सुटे सेल घेऊन थेट सेलवर सोल्डर करणं मला आवडत नाही, उष्णतेने आतलं सील बिघडतं. स्प्रिंगवाल्या खोक्यात सुटे सेल घालणं तर नकोच, हादऱ्याने एक सेल क्षणभर सुटला की सेट बंद आणि विमान बेवारस.

तो चार्जर जुन्या ६०० मिलिअँपिअर-तासांच्या पॅकसाठीचा आहे. क्षमतेच्या दहाव्या हिश्शाने १४ ते १६ तास, हा त्या काळचा हिशेब. २००० चा पॅक त्यावर भरायला दोन दिवसांहून जास्त लागतील. २०० मिलिअँपिअर देणारा घ्या, रात्रभरात होईल.

लिथियमचा मोह होईल. दोन सेलचा लिथियम-आयर्न पॅक ६.६ व्होल्ट, लिथियम-पॉलिमर ७.४. तुमच्या सेटची टीं टीं ९.६च्या पॅकला धरून लावलेली आहे, त्यामुळे तो भरलेल्या पॅकवरही ओरडत राहील, आणि मॉड्यूलला पुरेसं व्होल्टेज मिळेल याची खात्री नाही. जुन्या सेटला निकेलच बरं.

बाल्साची_भुकटी

पॉवर स्विचसुद्धा बघून घ्या. सरकता स्विच वर्षानुवर्षं एकाच जागी राहिला की आतले संपर्क काळे पडतात. चालू स्थितीत त्याच्या दोन टोकांत किती व्होल्ट पडतात ते मोजा. दहा-वीस मिलिव्होल्ट ठीक, पाव व्होल्ट दिसला तर बदला.

कागदीविमान

नवा पॅक, नवी वायर, स्विच मोजला (तो ठीक निघाला). टीं टीं गेली, भाराखाली १०च्या वर टिकतो. ट्रेनर पोर्टवर डोंगल लावून बघितलं. सातही चॅनेल दिसतात, एलेव्हेटर सोडून सगळे गुळगुळीत. एलेव्हेटरची उडी इथेही तशीच.

मॉड्यूल परत लावलं. सर्व्हो अजून थरथरतात, स्टिकला जुमानत नाहीत. चारही एकसारखे. सर्व्हो टेस्टरवर लावले तर चारही उत्तम चालतात, रिसीव्हरची बॅटरीही बदलून पाहिली.

जुनारेडिओवाला

वा, असं सांगितलं की उत्तर देणाऱ्याचं निम्मं काम होतं. एकच सर्व्हो थरथरला असता तर मी पॉट किंवा सर्व्होकडे बोट दाखवलं असतं. चारही एकसारखे म्हणजे रिसीव्हरला संदेशच कळत नाहीये. ट्रेनर पोर्ट सांगतोय की संदेश तयार तर होतोय.

आता मेनूत जा. सेट पीसीएमवर (तोच संदेश आकड्यांत पाठवायची दुसरी पद्धत) आहे की पीपीएमवर? हे मॉडेल मेमरीत दडलेलं असतं, प्रत्येक मॉडेलला वेगळं. काही सेटवर पडद्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात दिसतं. तुमच्या रिसीव्हरवर नुसतं "एफएम" लिहिलंय, म्हणजे त्याला पीपीएमच कळतं. ट्रान्समीटर पीसीएमवर असेल तर रिसीव्हरला नुसता गोंधळ ऐकू येतो आणि सर्व्हो थरथरतात. आधीच्या मालकाकडे पीसीएम रिसीव्हर असेल आणि हा त्याने फडताळातून काढून तुमच्या पिशवीत टाकला असेल, ही शक्यता मला दाट वाटते.

पीपीएम निवडल्यावर सेट बंद करून पुन्हा चालू करा. बऱ्याच सेटमध्ये त्याशिवाय बदल लागू होत नाही. लोक इथेच फसतात, बदलतात, फरक दिसत नाही म्हणून परत आधीच्या जागी नेतात.

दोन्ही एका कंपनीचे आहेत ते बरं झालं. नाहीतर ७२च्या सेटमध्ये आणखी एक गंमत असते, शिफ्ट. फुताबा आणि हायटेकचं ऋण, जेआर आणि एअरट्रॉनिक्सचं धन. चॅनेल तोच, पीपीएम तेच, पण पल्स उलट्या दिशेने, आणि लक्षणं तुमच्यासारखीच. काही ट्रान्समीटरमध्ये शिफ्ट मेनूतून बदलता येतं. पीसीएमच्या बाबतीत तर एकाच कंपनीचे दोन पीसीएमसुद्धा जुळतील असं नाही.

सोल्डरधूर

@कागदीविमान, सेट पीसीएमवर असताना ट्रेनर पोर्टवर पीपीएम दिसलं? काही सेटवर पीसीएम निवडलं की तो पोर्ट पीपीएम देत नाही.

कागदीविमान

मॉड्यूल काढून पोर्ट तपासला तेव्हा मेमरीतलं पहिलं मॉडेल निवडलं होतं, ते पीपीएम होतं. नंतर चालवून बघितलं ते तिसऱ्या मॉडेलवर, कारण त्यावर विमानाचं चित्र होतं. तिसरं निघालं पीसीएम. काका, बरोबर ओळखलंत. पीपीएम केलं, बंद-चालू केलं आणि चारही सर्व्हो शहाण्यासारखे वागायला लागले!!

राहिली एलेव्हेटरची उडी. पॉट बदलू का? कॉन्टॅक्ट क्लीनर मारू?

शून्यट्रिम

मी शब्द मागे घेत नाही, पण अभिनंदन.

जुनारेडिओवाला

थांबा, क्लीनर इतक्यात नको. उडी कुठे मारते ते नीट सांगा. मध्याजवळ बारीक थरथर असेल तर पॉटची कार्बन पट्टी झिजली, कारण स्टिक सगळ्यात जास्त तिथेच वावरते. तुम्ही म्हणता स्टिक मागे ओढताना. नेहमी त्याच जागी?

आणि सेट उघडणार असाल तर अदलाबदल करून बघा. एलेव्हेटरच्या पॉटचा कनेक्टर आणि रडरचा कनेक्टर बोर्डावर आपसांत बदला. उडी रडरच्या पट्टीवर गेली तर दोष पॉटमध्ये किंवा त्याच्या वायरीत. एलेव्हेटरवरच राहिली तर बोर्डात. उघडताना पॅक आधी काढा. मॉड्यूल उघडू नका. त्यातल्या कॉइलांच्या गाभ्याला स्क्रू ड्रायव्हर लावलात तर परत जागेवर आणायला स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर लागेल.

कागदीविमान

उघडला. अदलाबदल केली, उडी रडरवर गेली. म्हणजे पॉट किंवा वायर. पॉटच्या दोन टोकांत ५ किलोओहम स्थिर. मधल्या टोकाचं वाचन स्टिक हळूहळू फिरवली तर सरळ बदलतं, कुठेच अडखळत नाही. पण हे मोजमाप पॉटच्या पायांवर घेतलं. कनेक्टरच्या पिनांवर घेतलं तर ठरावीक जागी मीटर एकदम अनंत.

सोल्डरधूर

सापडला चोर! वायर आतून तुटली आहे. गिंबल हलतो तशी ती वायर प्रत्येक वेळी त्याच ठिकाणी वाकते, सोल्डरपासून जरा पुढे, जिथे सोल्डर तारेत शिरून तिला कडक करतं. प्लास्टिक शाबूत राहतं, आत तार तुटते आणि वाकली की सुटते. पॉटवर क्लीनरचा डबा ओतला असतात तरी उडी गेली नसती.

तिन्ही वायरी बदला, एकच नको, बाकीच्यांचंही वय तेवढंच. मऊ, बारीक तारांची सिलिकॉन वायर घ्या, गिंबलजवळ सैल वळसा ठेवा आणि वळशाच्या अलीकडे बांधून टाका, म्हणजे वाकणं सोल्डरच्या सांध्यावर येणार नाही. पॉटचा आस हलवू नका. हललाच तर ट्रिम आणि सबट्रिम (मध्याच्या बारीक दुरुस्त्या) शून्यावर ठेवून पट्टी शून्य दाखवेपर्यंत पॉटचं अंग फिरवायचं आणि मग आवळायचं.

कागदीविमान

झालं. पट्टी लोण्यासारखी सरकते. आता रेंज चेक. अँटेनाची दांडी आत ढकलून करायचं हे ऐकून आहे, नेमकं कसं?

बाल्साची_भुकटी

हे माझं आवडतं. दांडी पूर्ण आत ठेवून साधारण ३० मीटर चालत जा, सोबतच्याला विमानापाशी उभं करा, स्टिक हलवत राहा. सर्व्हो थरथरायला लागतात ते अंतर लक्षात ठेवा. मग तेच मोटर चालू करून. इथे प्रोपेलर लावावाच लागेल, तर विमान घट्ट धरा आणि कोणी पुढे उभं राहू नका. मोटर चालू असताना अंतर फारच घटलं तर ट्रान्समीटरचा दोष नाही, विमानातल्या मांडणीचा आहे. रिसीव्हर आणि त्याची अँटेना वायर स्पीड कंट्रोलरपासून लांब न्या. ती वायर कापायची नाही, गुंडाळायचीही नाही, तिची लांबी ठरवून दिलेली असते.

दांडी आत ठेवून सेट तासन्‌तास चालू ठेवू नका, शेवटच्या टप्प्यातल्या ट्रान्झिस्टरला ते सोसत नाही. उडवताना दांडी पूर्ण बाहेर आणि टोक विमानाकडे रोखायचं नाही. टोकाच्या दिशेने सिग्नल सर्वांत क्षीण असतो. हे २.४च्या बोटभर अँटेनालाही लागू आहे.

आणि लक्षात असू द्या, साध्या पीपीएम रिसीव्हरला फेलसेफ नसतो. सिग्नल गेला की सर्व्हो कुठेही जातील. चालू करताना आधी ट्रान्समीटर, मग विमान. बंद करताना उलट.

शून्यट्रिम

याच मुद्द्यावर मी सुरुवातीपासून बोंबलतोय. फेलसेफ नाही. आणि मैदानावर पूर्वी चॅनेलच्या चिमट्यांचा फळा असायचा, ज्याचा चिमटा त्याचाच चॅनेल. आता सगळे २.४वर, फळा कोणी लावत नाही. चॅनेल ३६वर दुसरा कोणी जुना सेट घेऊन आला तर तुम्हाला कळणार कसं?

गिंबल आवडतात ना? मग सेट तोच ठेवा, मॉड्यूल बदला. मागच्या खाचेत बसणारं २.४चं मल्टिप्रोटोकॉल मॉड्यूल मिळतं. पीपीएम घेणारं बघा. क्रॉसफायर पद्धतीच्या सिरियल संदेशांवरच चालणारं मॉड्यूल तुमच्या सेटशी बोलणार नाही. ही मॉड्यूलं बहुतेक जेआरच्या खाचेची असतात, फुताबाच्या खाचेला अडॅप्टर लागतो. पीपीएमवर चालताना प्रोटोकॉल मॉड्यूलवरच्या गोल स्विचने निवडायचा. आणि मॉड्यूलला थेट पॅकचं व्होल्टेज मिळतं. ताजा भरलेला आठ सेलचा पॅक ११च्या पुढे जातो, मॉड्यूलची कमाल मर्यादा आधी वाचा.

जुनारेडिओवाला

शून्यट्रिमभाऊ, या वेळी पूर्ण सहमत. आधी हे सांगितलं असतंत तर भांडलो नसतो.

कागदीविमान

रेंज चेक पास. दांडी आत असताना तीस मीटरच्या पुढेही सर्व्हो शांत, मोटर चालू-बंद फरक नाही. पहिलं विमान हलकं ग्लायडर असेल, मैदान मोकळं असताना ७२वरच उडवीन. मोटरवाल्यासाठी शून्यट्रिमनी सांगितलेलं मॉड्यूल घेणार, खाच जेआरच्या धाटणीचीच आहे.

तोपर्यंत एक शंका. ३६ सोडून दुसरा चॅनेल हवा असेल तर नुसते दोन क्रिस्टल बदलले की झालं ना? जुन्या सामानात क्रिस्टलांची एक डबी मिळालीय.

जुनारेडिओवाला

रिसीव्हरचा बदलता येईल, पण डबीतला कुठलाही नाही. रिसीव्हरचा क्रिस्टल ट्रान्समीटरच्या वारंवारितेचा नसतोच, रिसीव्हर आत ज्या मधल्या वारंवारितेवर सिग्नल उतरवतो तेवढा सरकवलेला असतो. सिंगल कन्व्हर्जनमध्ये ४५५ किलोहर्ट्झ, ड्युअलमध्ये १०.७ मेगाहर्ट्झ. तुमचा ड्युअल आहे, तेव्हा ड्युअल लिहिलेला आणि त्याच कंपनीचा हवा. सिंगलचा घातलात तर सगळं चालू दिसेल आणि रिसीव्हर ठार बहिरा.

ट्रान्समीटरकडचा क्रिस्टल मात्र बदलू नका. मॉड्यूल त्या क्रिस्टलला धरून ट्यून केलेलं असतं, आणि ७२च्या चॅनेलांत अंतर फक्त २० किलोहर्ट्झचं, जरा सरकलात की शेजारच्या चॅनेलवर. अमेरिकी नियमांतही ते काम वापरणाऱ्याने करायचं नसे. चॅनेल बदलायचा तर अख्खं मॉड्यूल बदला.

डबीचा फोटो टाका, कशावर काय छापलंय ते बघून सांगतो.